आपल्या संस्थेच्या धोरणानुसार

मराठी मध्यमवर्गीय घरात मालकी हक्क फार गांभीर्याने घ्यायची पद्धत नाही. छत्री ज्याला आधी सापडेल त्याची. चार्जर ज्याच्या हाताला लागेल त्याचा. फ्रीजमधल्या श्रीखंडावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, आणि असतं तरी ते वाचत बसायला कुणाला वेळ नसतो. "घेऊ का?" हे पाहुण्यांनी विचारायचं. घरचे लोक आधी घेतात आणि नंतर "संपलं वाटतं" म्हणून सांगतात.

अशा घरात आपण कॉम्प्युटर आणून ठेवतो आणि तेही घरच्यासारखे वागतील अशी आशा धरतो. ते वागत नाहीत. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे ठेवलेले, एकाच वायफायवर चालणारे आणि एकच वीजबिल वाढवणारे दोन कॉम्प्युटर एकमेकांना साधा फोटो द्यायची वेळ आली की नाव विचारतात, पासवर्ड विचारतात, आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर 'आपल्याला परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा' असं कळवतात. प्रशासक म्हणजे आपणच. आपण मनातल्या मनात स्वतःशी संपर्क साधून पाहतो. तिकडूनही काही माहिती मिळत नाही.

माझं मत असं की यात विंडोजचा दोष नाही, मॅकचा नाही आणि लिनक्सचा तर मुळीच नाही. (लिनक्सचा आहे असं म्हटलं तर आमचा भाचा दोन दिवस जेवणार नाही.) भानगड एवढीच आहे की या तिघांना ऑफिस माहीत आहे, रेल्वे स्टेशन माहीत आहे, घर माहीत नाही.

आमच्याकडे तिन्ही पंथ नांदतात. बाबांचा डेस्कटॉप विंडोजचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून व्याजाचे तक्ते, औषधांची बिलं आणि घरातल्या प्रत्येक कार्याचे फोटो त्यावर असतात, आणि रोज रात्री झोपताना ते त्याचं भिंतीवरचं बटण न चुकता बंद करतात. मुलीचा मॅकबुक, तो चार्जिंगला लावण्यापुरताच आमचा असतो. तिसरा म्हणजे एक म्हातारा लॅपटॉप. विंडोज त्याला झेपेना, म्हणून भाच्याने त्यावर उबुंटू टाकलं, मोठी हार्ड डिस्क जोडली, आणि "मामा, हा आता आपला सर्व्हर" असं जाहीर करून तो होस्टेलवर निघून गेला. घरात सर्व्हर आहे हे चारचौघांत सांगायला बरं वाटतं. पावसाळ्यात त्याच्या गरम हवेवर मोजेही लवकर वाळतात. फायली मिळण्याबद्दल मात्र खात्री देता येत नाही.

या तिघांच्या स्वभावाचं मूळ त्यांच्या जन्मात आहे. विंडोज ज्या बोलीत फायलींची देवाणघेवाण करतं, ती एसएमबी. ती १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने तिला आपलं म्हटलं. युनिक्सवाल्यांसाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस काढली. ॲपलने १९८५ मध्ये अशा देवाणघेवाणीची जी योजना जाहीर केली, तिचं नावच 'मॅकिंटॉश ऑफिस' होतं. सगळं ऑफिसात जन्मलं, ऑफिसात वाढलं. तिथे लेखा विभागाने काय पाहायचं आणि आस्थापना विभागाने काय पाहायचं नाही, हे ठरलेलं असतं. घरात तसं काही ठरलेलं नसतं. ठरलं तरी टिकत नाही.

यात एकच माणूस आपल्यासारखा निघाला. १९९१ च्या अखेरीस अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. त्याला आपल्या डॉसच्या पीसीवरून युनिक्स मशीनवरची डिस्क वापरायची होती. पुस्तकात वाचायची सोय नव्हती, म्हणून नेटवर्कच्या तारेतून काय जातंय-येतंय ते त्याने नुसतं ऐकत राहून टिपलं. या पद्धतीला तो पुढे फ्रेंच कॅफेची उपमा देत असे: फ्रेंच येत नसेल तर कॅफेत जाऊन बसायचं, गिऱ्हाईक काय बोलतं आणि त्यावर वेटर काय आणून ठेवतो, हे बघत राहायचं. त्यातून जे तयार झालं तेच सांबा. आजही लिनक्स मशीन विंडोजशी बोलतं ते बहुतेक सांबाच्याच तोंडून. म्हणजे आपल्या घरातल्या दोन यंत्रांमध्ये जो काही संवाद होतो, तो एका विद्यार्थ्याने चोरून ऐकलेल्या बोलण्यावर उभा आहे. अधूनमधून गैरसमज होणारच.

आता पहिली अडचण. हे तिघे एकमेकांना दिसतच नाहीत. पूर्वी दिसायचे. विंडोजच्या जुन्या व्यवस्थेत नेटवर्कवरची मशीन आपसांत चक्क निवडणूक घेत. जिंकणारा सगळ्यांची यादी सांभाळे. निवडणुकीचे निकषही ठरलेले: ऑपरेटिंग सिस्टिम किती वरच्या दर्जाची, कोण किती वेळ सलग चालू आहे, आणि तिथेही बरोबरी झाली तर नावाचं आद्याक्षर. हरलेल्याने मुकाट बसायचं. प्रत्येकाने बारा मिनिटांनी 'मी आहे' म्हणून हाक द्यायची, तीन हाका चुकल्या की नाव कटाप. त्यात यादीच्या नकला पंधरा मिनिटांनी बदलत, त्यामुळे बंद केलेला कॉम्प्युटर यादीत तब्बल ५१ मिनिटं जिवंत राहू शके. मेलेल्यांची नावं यादीत आणि जिवंतांची गायब, हे आपल्या मतदारयादीसारखंच असल्यामुळे कुणाला खटकत नसे.

मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून तो जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामंसुद्धा त्याने बंद पाडली. मायक्रोसॉफ्टने त्या भोकावर ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, पण 'अपडेट करू का?' या प्रश्नाला जगभरची माणसं एकच उत्तर देतात: नंतर. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विंडोज १० च्या नव्या प्रतींमधून ती पहिली आवृत्ती काढून टाकायला सुरुवात झाली. तिच्याबरोबर ती निवडणूकही गेली आणि यादीही. आता विंडोज एका पद्धतीने शेजारी शोधतं, मॅक आणि उबुंटू दुसऱ्या. त्यामुळे 'नेटवर्क' या खिडकीत डोकावलं की बाबांच्या मशीनला फक्त बाबांचं मशीन दिसतं. शेजारच्या खोलीतला सर्व्हर मोजे वाळवत बसलेला असतो, पण यादीत नसतो.

यावरचा उपाय म्हणजे नावाने हाक मारायचं सोडून थेट पत्ता टाकायचा. पत्ता म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा तो आकडा. विंडोजवर त्याच्या आधी डावीकडे कललेल्या दोन रेघा द्यायच्या. मॅकवर तोच पत्ता, पण आधी एसएमबी, मग कोलन, मग उजवीकडे कललेल्या दोन रेघा. हे फोनवरून सांगून बघावं.

"बाबा, दोन तिरक्या रेघा द्या."

"दिल्या."

"कुठे कललेल्या?"

"तिरकी म्हणजे तिरकी. कुठून बघतोस त्यावर आहे."

बरं, पत्ताही कायमचा नाही. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की तो सगळ्यांना नव्याने आकडे वाटू शकतो. काल जो सर्व्हर होता तो आज मुलीचा फोन निघतो. त्यात हल्ली प्रत्येक घरात राउटर दोन असतात: एक इंटरनेटवाल्याने लावलेला, दुसरा त्याची रेंज बेडरूमपर्यंत येत नाही म्हणून आपण आणलेला. दोन्ही आपापलं वेगळं नेटवर्क थाटतात. टीव्ही पहिल्याच्या घरात, कॉम्प्युटर दुसऱ्याच्या. दोघांनाही इंटरनेट उत्तम मिळतं, म्हणून वायफायवर संशय जात नाही.

दुसरी अडचण एका प्रश्नाची. नव्या नेटवर्कवर विंडोज कधी ना कधी विचारतं: हे पब्लिक आहे की प्रायव्हेट? बाबांनी ताबडतोब पब्लिक निवडलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "प्रायव्हेट कसं? सगळं घर वापरतं की!" तर्कशास्त्रात याला उत्तर नाही. विंडोजच्या लेखी पब्लिक म्हणजे स्टेशन, विमानतळ, कॉफीचं दुकान. तिथे कुणाला तोंड दाखवायचं नाही. त्यामुळे डेस्कटॉप आमच्या हॉलमध्ये, देवघराकडे तोंड करून, तीन वर्षं फलाटावर उभं असल्यासारखा पाकीट सांभाळून बसला होता.

या सगळ्याचा खरा कस लागला तो भाच्याच्या धाकट्या भावाच्या मुंजीचे फोटो दाखवायच्या वेळी. सांगलीहून मावशी आली होती. तिला मुंजीला येता आलं नव्हतं. फोटो बाबांच्या मशीनवर, टीव्हीला जोडलेला मॅकबुक हॉलमध्ये, आणि मावशी सोफ्यावर चष्मा पुसून तयार. मॅकवरून पत्ता टाकला, बाबांचं मशीन सापडलं, आणि त्याने नाव आणि पासवर्ड विचारला.

"बाबा, तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय?"

"चार आकडी. तुझ्या आईच्या जन्मतारखेचा."

"तो पिन झाला. पासवर्ड सांगा."

"रोज सकाळी तोच घालतो. उघडतं की!"

उघडतं, कारण पिन फक्त त्या मशीनसमोर बसणाऱ्यापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो पहिल्या दिवशी दुकानातल्या मुलाने टाकलेला असतो. तो मुलगा आता दुकानात नसतो. बरं, पासवर्डच नको म्हणून रिकामा ठेवला, तर बिनपासवर्डाच्या खात्याला नेटवर्कवरून आत घ्यायचं नाही, हाही विंडोजचा नियम. बिनकुलपाचं घर फक्त आतल्या माणसाने वापरायचं.

"फोटो काढलेच नव्हते का रे?" मावशीने सोफ्यावरून विचारलं.

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सोपं आहे. आजोबांच्या मशीनवरून सगळे फोटो सर्व्हरवर टाक. तिथे मी गेस्ट ॲक्सेस ठेवलाय, पासवर्ड लागत नाही." मी विंडोजवरून सर्व्हरचा पत्ता टाकला. पडद्यावर उत्तर आलं ते थोडक्यात असं: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार, ओळख न पटलेल्या पाहुण्यांना या फोल्डरमध्ये प्रवेश नाही.

बाबा माझ्या खांद्यावरून वाचत होते. "कुठली संस्था? सोसायटीने ठराव केला की काय? मीटिंगची नोटीस तर आली नाही."

"सोसायटीचा काय संबंध, बाबा!"

"मग संस्था कोण?"

हा प्रश्न मीही बराच वेळ विचारला आहे. संस्था अशी कुणीच नाही. पाहुणा म्हणून येणाऱ्याला सामोरा येणारा सर्व्हर खरा की भामटा हे तपासता येत नाही, म्हणून विंडोजने तो रस्ता आधी कंपन्यांसाठीच्या आवृत्त्यांमध्ये बंद केला आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून प्रोमध्येही केला. दुकानदाराने आम्हाला 'घ्या, भारीतलं घ्या' म्हणून प्रो दिलं होतं. नियम शहाणपणाचाच आहे. फक्त संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऑफिस होतं, आणि वाचणाऱ्याच्या पुढे मावशी. तिने "पाहुण्यांना प्रवेश नाही" एवढंच ऐकलं आणि पर्स जवळ ओढली. तिला पुन्हा बसवायला पोहे करावे लागले.

पासवर्डाचं खातं करून आत गेलो, तर तिसरी अडचण. फोल्डर दिसतं, उघडत नाही. विंडोजमध्ये 'शेअर' करण्याची परवानगी वेगळी आणि फोल्डरची स्वतःची वेगळी. दोन्हींत जी कडक असेल ती चालते. सांबाचीही तऱ्हा तशीच: उबुंटूचा पासवर्ड एक, सांबाचा दुसरा, आणि एक बदलला म्हणजे दुसरा आपोआप बदलतोच असं नाही. मॅकवरून विंडोजला काही द्यायचं तर सेटिंग्जमध्ये, शेअरिंगमध्ये, ऑप्शन्समध्ये खोल जाऊन प्रत्येक माणसाच्या नावापुढे टिचकी मारावी लागते. आणि ती मारताना मॅक बजावतो की यासाठी पासवर्ड कमी सुरक्षित पद्धतीने साठवावा लागेल. विंडोजशी संबंध ठेवायचे तर जबाबदारी तुमची, असा एकूण सूर. या सगळ्यावर भाच्याचा एकच रामबाण इलाज आहे: सातशे सत्त्याहत्तर. हा आकडा टाकला की लिनक्सवरचं फोल्डर वाचायला, लिहायला, उडवायला सगळ्यांना मोकळं. "फक्त मामा," तो आवाज खाली आणून म्हणतो, "हे आमच्या सरांना सांगू नकोस."

आणि एवढं सगळं पार पडल्यावर नावांचा प्रश्न येतो. ज्या नातेवाइकांची ओळख पटत नव्हती त्यांच्या फोटोंचं भाच्याने सर्व्हरवर एक फोल्डर केलं होतं: 'हे कोण?' लिनक्सला प्रश्नचिन्हाचं वावडं नाही. विंडोजला आहे, प्रश्नचिन्ह, कोलन, तारका यांना तिथे नावात बंदी. त्यामुळे सांबाने विंडोजपुढे ते फोल्डर भलत्याच अक्षरांच्या आणि आकड्यांच्या तुकड्याने ठेवलं. अनोळखी नातेवाइकांचं फोल्डरही अनोळखी झालं.

दुसरी गंमत खास मराठीची. सर्व्हरवर 'दुसऱ्या दिवशी' या नावाची दोन फोल्डरं होती, शेजारी शेजारी, कानामात्रेचाही फरक नाही. एकाच जागी एकाच नावाची दोन फोल्डरं राहू शकत नाहीत, हे शाळेतली मुलंही सांगतील. पण आपला 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ॲपलची जुनी डिस्कपद्धत, एचएफएस प्लस, नावं साठवताना असे तुकडे करत असे. लिनक्स दिसण्यावर जात नाही, आतले बाइट मोजतो. बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. मुलीच्या जुन्या डिस्कवरून आलेलं एक फोल्डर तुटक 'ऱ'चं, आणि आम्ही टाइप केलेलं अखंड 'ऱ'चं. बाबा दोन्हींतले फोटो पाळीपाळीने तपासत होते आणि फोटोग्राफरने निम्मेच दिले म्हणून त्याच्यावर वैतागत होते. बऱ्याच, पुऱ्या, कोपऱ्यात, नवऱ्याचे: मराठीत हे संकट कुठूनही उगवू शकतं.

तात्पर्य असं नाही की कॉम्प्युटर कंपन्यांना घर कधीच आठवलं नाही. एकदा आठवलं होतं. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर 'होमग्रुप' आलं. घरासाठी एक पासवर्ड, तो कागदावर लिहून घ्या असं स्वतः विंडोजच सांगे, आणि मग फोटो, गाणी, प्रिंटर सगळ्यांचं सगळं. विंडोजला विंडोजच लागे, मॅकला तिथे थारा नव्हता, हे खरं. पण कल्पना घरगुती होती. २०१८ मध्ये विंडोज १० मधून ते काढून टाकलं. ज्या एका सोयीच्या नावात घर होतं, तीच गेली. 'वर्कग्रुप' हे ऑफिसातलं नाव मात्र अजून आहे.

तेव्हा घर कळावं ही अपेक्षा सोडून त्यांना कळेल असंच वागलेलं बरं. क्रम एवढाच लक्षात ठेवा. आधी सगळी यंत्रं एकाच राउटरवर आहेत ना, पाहुण्यांच्या वायफायवर कुणी अडकलेलं नाही ना, ते पाहा. विंडोजला नेटवर्क प्रायव्हेट आहे म्हणून सांगा, मग घरातले कितीही जण वापरोत. सर्व्हरचा आकडा राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा आणि नावाऐवजी त्याच आकड्याने जा. तिन्ही मशीनवर एकाच नावाचं, एकाच खऱ्या पासवर्डाचं खातं करा, पिन नव्हे. परवानग्या दोन्ही ठिकाणच्या बघा. फोल्डरच्या नावात प्रश्न विचारू नका. आणि फायरवॉल कायमची बंद करा असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

पेनड्राइव्हही ड्रॉवरमध्ये असू द्या, पण तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ बसत नाही, एनटीएफएस मॅक वाचतो पण त्यावर स्वतःहून लिहीत नाही; एक्सफॅट तिघांनाही चालतं. आणि तो एक पासवर्ड फोन नंबरांच्या डायरीत, ठळक अक्षरात लिहून ठेवा. जाणकार याला नावं ठेवतील. ठेवू देत. चोराला तुमच्या मुंजीचे फोटो नको असतात. ते मावशीला हवे असतात.